कर्ता कोठे आहे? : लैंगिक अत्याचारविषयक मराठी भाषाव्यवहार आणि साहित्याचे अध्यापन

१

लैंगिक अत्याचार हा विषय मराठीच्या अभ्यासवर्गात येतो तो बहुधा आडवळणाने. नाटकातील एखादा प्रवेश, आत्मकथनातील एखादा परिच्छेद किंवा कथेतील एखादे सूचक वाक्य शिकवताना तो उपस्थित होतो आणि 'पुढचे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे' अशा संकोचाने ओलांडला जातो. हा संकोच सभ्यतेचा मानला जातो. परंतु ज्या वर्गात साठ विद्यार्थी बसलेले असतात, त्या वर्गात हा अनुभव स्वतः भोगलेले कोणीच नसेल असे गृहीत धरण्यास कोणताही आधार नाही. अशा विद्यार्थिनीच्या वा विद्यार्थ्याच्या दृष्टीने अध्यापकाचा संकोच हाही एक निर्णय असतो. या गोष्टीविषयी येथे बोलायचे नसते, हा तो निर्णय होय.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या अपराधाविषयी बोलण्याच्या मराठीतील रूढ पद्धतीत अपराध करणारा वाक्याबाहेर जातो आणि हानीची नोंद अत्याचार सोसणाऱ्या व्यक्तीच्या खाती होते. गेल्या पन्नास वर्षांत कायद्याने ही व्यवस्था पायरीपायरीने बदलत आणली आहे. भाषेचे आणि साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांनी मात्र आपल्या साधनांनी तिची तपासणी पुरेशी केलेली नाही. शब्दांची व्युत्पत्ती, वाक्याचा प्रयोग, निवेदकाची भूमिका ही सर्व मराठीच्या अभ्यासकाच्या नित्य वापरातील साधने आहेत. ती या विषयाला लावली असता काय हाती येते आणि त्यातून अध्यापकाच्या वर्तनाविषयी कोणते निष्कर्ष निघतात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. 'अब्रू' हा फारसीतून आलेला शब्द 'आब' म्हणजे पाणी, तेज आणि 'रू' म्हणजे चेहरा, यांपासून बनला आहे. चेहऱ्यावरचे पाणी हा त्याचा मूळ भाव. म्हणजे अब्रू ही इतरांना दिसणारी गोष्ट आहे. ती पाहणाऱ्याच्या नजरेत वसते. 'तोंड दाखवायला जागा उरली नाही' हा वाक्प्रचार याच कल्पनेचा विस्तार होय. 'तिची अब्रू लुटली' या वाक्यात लुटली जाते ती अब्रू. स्त्री केवळ षष्ठी विभक्तीत, त्या वस्तूची धारक म्हणून उरते. 'घराण्याची अब्रू गेली' असे म्हणताच ती धारकही राहत नाही. तिच्या देहाला व मनाला झालेली इजा वाक्यातून पूर्णपणे नाहीशी होते आणि नुकसान नोंदले जाते ते कुटुंबाचे. स्त्रीची अब्रू म्हणजे काचेचे भांडे, ही म्हण याच समजुतीवर उभी आहे. काच एकदा तडकली की सांधत नाही, आणि ती जपण्याची जबाबदारी भांडे ज्याच्या हाती त्याची.

'विनयभंग' हा कायद्याच्या मराठी परिभाषेतील शब्दही याच जातीचा आहे. भंग होतो तो स्त्रीच्या विनयाचा. भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मधील ही कल्पना भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्येही कायम आहे. या शब्दाची अडचण १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तीव्रतेने आली होती. काही महिन्यांच्या बालिकेवरील अत्याचाराच्या त्या प्रकरणात, इतक्या लहान मुलीला 'विनय' असतो का, असा प्रश्न न्यायमूर्तींना सोडवावा लागला. न्यायालयाने बहुमताने आरोपीस दोषी ठरवले. परंतु अपराधाचे वर्णन करणाऱ्याला कृत्य सोडून स्त्रीच्या गुणाचा शोध घ्यावा लागतो, ही या शब्दातील गोम त्या निमित्ताने उघड झाली.

'अतिप्रसंग', 'गैरप्रकार', 'छेडछाड' हे शब्द आणखी वेगळे काम करतात. 'प्रसंग' ओढवतो, 'प्रकार' घडतो, 'छेडछाड' थट्टेच्या शेजारी जाऊन बसते. वृत्तपत्रांनी आणि घरगुती बोलण्याने हे शब्द सौम्यतेसाठी स्वीकारले असले, तरी या सौम्यतेचा लाभ कोणाला मिळतो हे विचारणे आवश्यक आहे.

'बलात्कार' हा शब्द या सर्वांत अधिक स्पष्ट आहे. 'बलात्' म्हणजे बळाने आणि 'कार' म्हणजे करणे. येथे अब्रू नाही, विनय नाही, कृत्य आहे. परंतु या शब्दानेही एक अपेक्षा निर्माण केली आहे. केंद्रस्थानी 'बळ' आल्यामुळे बळाच्या खुणा कोठे आहेत, असा प्रश्न त्यामागोमाग येतो. अंगावर जखमा नाहीत, कपडे फाटलेले नाहीत, आरडाओरड ऐकू आली नाही, तर बळ कसले, असे विचारले जाते. वस्तुतः तीव्र भीतीच्या क्षणी माणसाचे शरीर गोठून जाते, आवाज फुटत नाही, हालचाल करता येत नाही, ही प्रतिक्रिया वैद्यकशास्त्राला परिचित आहे. बळापेक्षा संमतीचा अभाव हा या अपराधाचा गाभा होय. पण 'संमती' हा शब्द आपल्या व्यवहारात विवाहाच्या बोलण्यांपुरता आणि शासकीय अर्जांपुरता उरला आहे.

वाक्यरचनेकडे वळले असता अधिक महत्त्वाची गोष्ट दिसते. 'त्याने तिच्यावर बलात्कार केला' या कर्मणी प्रयोगातील वाक्यात करणारा तृतीयेत का होईना, हजर असतो. 'तिच्यावर बलात्कार झाला' या वाक्यात 'बलात्कार' हाच कर्ता बनतो आणि 'होणे' हे अकर्मक क्रियापद त्याला मिळते. पाऊस झाला, भूकंप झाला, अपघात झाला, त्याच चालीवर बलात्कार झाला. ज्याने तो केला त्याची वाक्याला गरजच उरत नाही. 'ती अत्याचाराला बळी पडली' येथे तर क्रियापदाचे कर्तेपद स्त्रीकडे येते, पडते ती. 'वाकडे पाऊल पडणे', 'पाय घसरणे' या स्त्रीला दोष देणाऱ्या वाक्प्रचारांतही क्रिया पडण्याची व घसरण्याचीच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे दोषारोपासाठी वेगळे वाक्य उच्चारण्याची आवश्यकता का पडत नाही ते कळते. 'झाला' हे क्रियापद नेहमीच दोषास्पद ठरते असे अर्थातच नाही; करणारा अज्ञात असेल किंवा तो सांगण्याचे भय असेल तेव्हा तेच नैसर्गिक ठरते. प्रश्न आहे तो या रचनेच्या सार्वत्रिक वापराचा.

३

या भाषाव्यवस्थेची सर्वांत कठोर परीक्षा महाराष्ट्रातच झाली. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर व आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात, चौदा ते सोळा वर्षे वयाच्या एका अनाथ, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर अत्याचार करण्यात आला. आरोपी ठाण्यातीलच दोन पोलीस होते. हे प्रकरण त्या मुलीच्या नावाने ओळखण्याची प्रथा पडली आहे. येथे ते ठिकाणाच्या नावाने संबोधले आहे, कारण पीडित व्यक्तीची ओळख प्रकट करू नये हा नियम याच प्रकरणातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर कायद्यात आला, आणि तो ज्या मुलीमुळे आला तिलाच त्याचा लाभ मिळाला नाही.

सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींना निर्दोष सोडले. त्या मुलीस पूर्वी शरीरसंबंधाचा अनुभव होता, यास तेथे महत्त्व मिळाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली हा निकाल फिरवला. भीतीपोटी निमूट राहणे म्हणजे संमती नव्हे, हा भेद खंडपीठाने स्पष्ट केला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालाने आरोपींची पुन्हा मुक्तता केली. अंगावर इजेच्या खुणा नसणे आणि प्रतिकाराचा पुरावा नसणे या गोष्टी निर्णायक ठरल्या. 'बळ' या शब्दाने निर्माण केलेली अपेक्षा येथे न्यायनिवाड्याची कसोटी बनली. रात्री पोलीस ठाण्याच्या दाराआड, गणवेशधारी माणसांसमोर एका गरीब आदिवासी मुलीने कोणाला हाक मारावयाची होती, हा प्रश्न निकालात अनुत्तरित राहिला.

तो प्रश्न सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने विचारला. शरण जाणे आणि संमती देणे यांतील फरक हा त्या पत्राचा गाभा होता. १९८० च्या आरंभी मुंबईत 'फोरम अगेन्स्ट रेप' हा गट स्थापन झाला आणि देशभरातील स्त्री-संघटनांनी फेरविचाराची मागणी केली. एका शब्दाच्या अर्थावरून इतकी मोठी चळवळ उभी राहण्याचे हे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावे असे आहे.

पुढील घटनाक्रम थोडक्यात असा. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर अपराध ठरला. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद आली. बंद न्यायालयातील सुनावणी आणि ओळख प्रकट करण्यास बंदी हे नियमही तेव्हाच आले. १९९६ साली गुरमीत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, विश्वासार्ह वाटणाऱ्या पीडितेच्या साक्षीला अन्य पुराव्याची जोड मागण्याचे कारण नाही आणि तक्रारीस झालेला विलंब एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असे सांगितले. पीडितेच्या 'अनैतिक चारित्र्या'चा आधार घेऊन तिची साक्ष खोडण्याची मुभा देणारे पुरावा कायद्यातील पोटकलम २००२ च्या दुरुस्तीने गेले. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली : शब्दांनी, हावभावांनी वा अन्य प्रकारे व्यक्त झालेली निःसंदिग्ध, ऐच्छिक मान्यता म्हणजे संमती. शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून ती गृहीत धरता येत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही हीच व्याख्या आहे. म्हणजे १९७२ च्या रात्री जे शब्द उपलब्ध नव्हते, ते कायद्याला मिळण्यास एकेचाळीस वर्षे लागली.

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने लिंगभेदाच्या रूढ कल्पनांविषयी न्यायाधीशांसाठी व वकिलांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. टाळावयाचे शब्द आणि त्यांना पर्यायी शब्द यांची यादी हा तिचा एक भाग होता. न्यायसंस्था आपल्या शब्दकोशाची अशी झडती घेते, तेव्हा वाङ्मयाच्या विभागांनी स्वस्थ बसणे शोभत नाही.

४

मराठी साहित्याने या व्यवस्थेला दिलेला प्रतिसाद एकसुरी नाही. १८८२ साली ताराबाई शिंदे यांनी लिहिलेली 'स्त्री-पुरुष तुलना' ही या संदर्भातील आद्य संहिता म्हटली पाहिजे. सुरतेच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली आणि वृत्तपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर ठपका ठेवला गेला, हे या लेखनाचे निमित्त. त्या मुलाचा पिता खटल्यात कोठे नव्हता. ताराबाईंचा सारा युक्तिवाद हा या गैरहजर पुरुषाला वाक्यात परत आणण्याचा प्रयत्न आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात काढलेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहामागेही हीच जाणीव होती. आलेल्या स्त्रीची उलटतपासणी न करता तिला आसरा देणे, हे त्या गृहाचे वैशिष्ट्य पुढे ज्याला आधारव्यवस्था म्हटले जाते तिचे बीजरूप होय. स. गं. मालशे यांनी १९७५ साली 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत ती जवळजवळ विस्मृतीत गेली होती, ही गोष्टही बोलकी आहे.

विजय तेंडुलकर यांचे १९६७ साली रंगमंचावर आलेले 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. अभिरूप न्यायालयाच्या खेळात लीला बेणारे हिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड होते. बालवयात मामाशी जडलेला संबंध हा तिच्या चारित्र्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडला जातो. आजच्या कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर कुटुंबातील प्रौढ पुरुषाने अल्पवयीन मुलीचे केलेले ते शोषण आहे. तेथे संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. नाटकातील न्यायालयाला मात्र आरोपी दिसते ती तीच. दुसरा संबंधित पुरुष, प्राध्यापक दामले, त्या दिवशी आलेलेच नाहीत. बचावाच्या वकिलाची त्यांची जागा रिकामी आहे. 'तिच्यावर बलात्कार झाला' या वाक्यातून जसा करणारा नाहीसा होतो, तसा येथे तो रंगमंचावरूनच नाहीसा केलेला आहे. बेणारेचे दीर्घ स्वगत न्यायालयातील कोणालाही ऐकू जात नाही. ते ऐकतो फक्त प्रेक्षक. साक्ष आहे, पण ती नोंदली जात नाही. नाटक पाच वर्षांनी घडलेल्या देसाईगंज प्रकरणाचे भाकीत करते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि स्त्रीचा पूर्वायुष्यातील अनुभव तिच्याविरुद्ध वापरण्याची रीत किती सर्वपरिचित होती, हे त्यातून निश्चित कळते. या नाटकावर 'बेणारे दोषी आहे काय? साधकबाधक चर्चा करा' असा प्रश्न विचारणारा अध्यापक नकळत त्याच न्यायासनावर जाऊन बसतो.

जयवंत दळवी यांचे 'पुरुष' हे १९८० नंतरच्या वातावरणातील नाटक. सत्ताधारी राजकीय पुढाऱ्याने शिक्षिकेवर केलेला बलात्कार हा येथे उघडपणे विषय झाला आहे. करणारा पडद्याआड नाही. त्याची मग्रुरी, त्याची सत्ता, त्याचे हसणे रंगमंचावर आहे. ही या नाटकाची मोठी कमाई होय. परंतु न्यायव्यवस्था अपुरी पडल्यावर अंबिका स्वतःच त्याचे पुरुषत्व नष्ट करून सूड घेते, या शेवटाने प्रेक्षकाचे समाधान होते आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. नाटकाबाहेरच्या स्त्रीपुढे हा मार्ग नसतो. मराठी-हिंदी चित्रपटांनी आणि लोकप्रिय कादंबरीने बलात्कारानंतरच्या स्त्रीला बहुधा दोनच वाटा दिल्या आहेत : मरण किंवा सूड. तिसरी वाट, म्हणजे पुन्हा कामावर जाणे, परीक्षेला बसणे, रात्री झोप न लागणे, काही दिवस बरे जाणे, पुन्हा खचणे आणि तरीही जगत राहणे, ही कथनाच्या दृष्टीने नाट्यहीन असल्यामुळे क्वचितच रेखाटली गेली. वास्तवात मात्र बहुसंख्यांची वाट हीच असते. ज्या वाचकाला साहित्यात आपली वाट कोठेच सापडत नाही, त्याला आपण जगतो आहोत हेच चुकीचे वाटू लागण्याचा धोका असतो.

ऊर्मिला पवार यांच्या 'कवच' या कथेचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. आंबे विकणाऱ्या दलित आईला उद्देशून बाजारात होणारी द्व्यर्थी भाषा तिच्या शाळकरी मुलाला असह्य होते. आई मात्र त्या भाषेला आपल्याच बोलीतील रोखठोक शब्दांनी उत्तर देते. हल्ला भाषेचा आहे आणि कवचही भाषेचेच आहे. प्रमाण मराठीच्या विनयशील शब्दकोशात असे कवच मिळणे कठीण. सभ्य भाषेने स्त्रीला मौन दिले, तर बोलीने प्रत्युत्तर दिले, हा भेद जातीच्या आणि श्रमाच्या संदर्भातच समजून घ्यावा लागतो.

५

रूढ शब्दव्यवस्थेत काही जणांना शब्दच मिळालेले नाहीत. अब्रू, शील, विनय हे शब्द स्त्रीलाच लागू होतात. त्यामुळे अत्याचार झालेल्या मुलाला आपले दुःख सांगण्यासाठी मराठीत रूढ वाक्यप्रचार नाही. जे आहेत ते चेष्टेचे आहेत. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजे पॉक्सोने, अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी यांत भेद ठेवला नाही. परंतु भारतीय न्याय संहितेतील बलात्काराची व्याख्या स्त्रीपुरती आहे, आणि जुन्या संहितेतील कलम ३७७ नव्या संहितेत नसल्यामुळे प्रौढ पुरुषाने प्रौढ पुरुषावर केलेल्या अशा अत्याचाराला तिच्यात स्वतंत्र कलम उरलेले नाही.

विवाहांतर्गत सक्तीची स्थितीही तशीच आहे. अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद नव्या संहितेतही ठेवण्यात आला आहे. बालपणी झालेल्या विवाहातील पतीकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी १८८० च्या दशकात मुंबई उच्च न्यायालयात नकार दिला, तेव्हा विवाह आणि संमती यांचा प्रश्न मराठी समाजापुढे प्रथम इतक्या उघडपणे आला. तो अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

अपरिचित पुरुष, निर्जन वाट आणि रात्र हे या अपराधाचे कथात्म साहित्यातील ठरीव चित्र होय. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालांत मात्र नोंदलेल्या बलात्कारांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा नातेवाईक, शेजारी, मित्र किंवा अन्य परिचित असल्याचे सातत्याने दिसते. म्हणून 'रात्री एकटी कशाला गेलीस' हा प्रश्न क्रूर तर आहेच, शिवाय तो वस्तुस्थितीलाही धरून नाही.

'पीडिता' की अन्य काही, हा संज्ञेचा प्रश्नही येथेच विचारात घ्यावा. इंग्रजीतील 'सर्व्हायव्हर' या शब्दाला सर्वमान्य मराठी प्रतिशब्द रुळलेला नाही. 'बळी' म्हणावे तर जिवंत व्यक्ती वेदीवर जाते. 'पीडिता' म्हणावे तर पीडा हीच तिची ओळख ठरते. 'अत्याचारातून तगलेली व्यक्ती' हे थोडे लांब असले, तरी 'तगणे' या क्रियापदात चिवटपणा आहे आणि क्रियेचे कर्तेपद सन्मानाने त्या व्यक्तीकडे येते. सर्वोच्च न्यायालयाच्या उपर्युक्त पुस्तिकेने याबाबत घेतलेली भूमिका व्यवहार्य आहे : त्या व्यक्तीने स्वतःसाठी एखादा शब्द पसंत केला असेल तर तो वापरावा.

६

आता अध्यापकाच्या प्रत्यक्ष कर्तव्याकडे येणे प्राप्त आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' किंवा एखादे आत्मकथन शिकवून झाल्यावर विद्यार्थिनी विभागात येते आणि अर्धवट वाक्यात काही सांगू लागते, असा प्रसंग कोणाही अध्यापकावर येऊ शकतो. त्या क्षणी वाङ्मयीन जाणकारी उपयोगी पडायची असेल तर ती ऐकण्याच्या रूपाने. धक्क्यानंतरची आठवण बहुधा तुकड्यातुकड्यांनी येते, क्रम मागेपुढे होतो, महत्त्वाचा तपशील शेवटी येतो किंवा येतच नाही. आत्मकथनातील खंडित निवेदनाचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासकाला ही विस्कळितता खोटेपणाची खूण वाटू नये.

पहिल्या वाक्याला फार महत्त्व असते. 'तू तिथे का गेली होतीस?', 'आधी का नाही सांगितलंस?', 'तुझी खात्री आहे ना?' ही तिन्ही वाक्ये प्रश्नार्थक असली तरी परिणामाने निवाडा देणारी आहेत. याउलट 'सांगितलंस ते बरं केलंस', 'यात तुझा दोष नाही', 'पुढे काय करायचं ते तू ठरव, लागेल ती माहिती आपण मिळवू' या साध्या वाक्यांनी कर्तेपण तिच्याकडे परत जाते. अत्याचाराने हिरावून घेतली जाते ती निर्णय करण्याची सत्ता. म्हणून मदत करणाऱ्यानेही तिच्या वतीने परस्पर निर्णय घेणे योग्य नव्हे. घरी कळवणे, सहकाऱ्यांशी चर्चा करणे, विभागात बोभाटा होऊ देणे या गोष्टी तिच्या संमतीवाचून करू नयेत.

या नियमाला एक कायदेशीर मर्यादा आहे. व्यक्ती अठरा वर्षांखालील असेल, आणि कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी तसे असतात, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ अन्वये अपराधाची माहिती मिळालेल्या कोणासही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे 'मी कोणालाही सांगणार नाही' असे वचन आधी देऊन नंतर मोडण्यापेक्षा ही मर्यादा आरंभीच हळुवारपणे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरते.

अध्यापकाला काही व्यावहारिक माहितीही असावयास हवी. अत्याचारग्रस्त व्यक्तीवर मोफत प्रथमोपचार व वैद्यकीय उपचार करणे सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांवर २०१३ पासून बंधनकारक आहे, आणि त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार नोंदवलेली असण्याची अट नाही. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात; गर्भधारणा टाळण्याची गोळीही जितकी लवकर घ्यावी तितकी अधिक उपयोगी पडते. म्हणून वैद्यकीय मदतीस उशीर होऊ देऊ नये. शक्य असल्यास तपासणीपूर्वी स्नान करू नये व अंगावरचे कपडे धुऊ नयेत, ते कागदात ठेवावेत. परंतु स्नान झाले, काळ लोटला, तरी दारे बंद होत नाहीत. कौमार्य ठरवू पाहणारी तथाकथित 'दोन बोटांची चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली अमान्य केली आणि २०२२ साली ती करणारा गैरवर्तनास पात्र ठरेल असे बजावले, हेही ठाऊक असावे.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. हद्दीचे कारण पुढे करता येत नाही. स्त्रीचे निवेदन महिला अधिकाऱ्याने नोंदवावयाचे असते. तातडीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. २०१५ पासूनच्या 'सखी' वन स्टॉप सेंटर योजनेत वैद्यकीय, कायदेशीर आणि मानसिक मदत एका ठिकाणी देण्याची व्यवस्था आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळू शकतो, आणि महाराष्ट्रात २०१३ साली सुरू झालेल्या 'मनोधैर्य' योजनेतून अर्थसाहाय्याची तरतूद आहे. संस्थेच्या आवारातील लैंगिक छळासाठी अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्याकडे सामान्यतः तीन महिन्यांच्या आत तक्रार करावयाची असते, आणि सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते. हा मार्ग पोलीस तक्रारीला पर्याय नसून तिच्यासोबत उपलब्ध असलेला आहे.

७

राहिला अध्यापनाचा प्रश्न. अशा संहिता अभ्यासक्रमातून काढून टाकणे हा उपाय नव्हे. तो मौनाचाच विस्तार होईल. मात्र त्या शिकवण्याआधी विषयाची पूर्वकल्पना देणे, वर्गात मोठ्याने वाचण्यासाठी एखाद्या विद्यार्थिनीला अचानक उभे न करणे, कोणी काही वेळ बाहेर गेल्यास कारण न विचारणे, इतके तरी सहज शक्य आहे. संहितेतील वाक्ये तपासण्याचा स्वाध्याय देता येतो : या प्रसंगाच्या वर्णनात करणारा कोठे आहे? निवेदकाची नजर कोणाच्या देहावर आहे? हानी कोणाची नोंदली गेली आहे? एकाच दिवशीच्या तीन वृत्तपत्रांतील एकाच बातमीचे मथळे घेऊनही हा स्वाध्याय करता येईल. प्रश्नपत्रिकेत पात्राच्या शीलावर निकाल मागणारे प्रश्न टाळून, तो निकाल संहितेत कोण आणि कशाच्या बळावर देते, असे विचारता येईल. संशोधनासाठी प्रत्यक्ष मुलाखती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना तर मार्गदर्शकाने संमती, गुप्तता आणि केव्हाही मुलाखत थांबवण्याचा निवेदकाचा हक्क यांची शिस्त आधी शिकवली पाहिजे.

अहल्येच्या कथेकडे या संदर्भात परत जाता येते. उत्तरकालीन परंपरेत इंद्र गौतमाचे रूप घेऊन येतो आणि अहल्या फसते. वाल्मीकीत ती त्याला ओळखते. फसवणुकीची कथा स्वीकारली तर, आपण पती नाही हे ठाऊक असूनही पती असल्याच्या समजुतीतून मिळालेल्या संमतीचा लाभ घेणारा पुरुष कायद्याने बलात्काराचा अपराधी ठरतो. दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते आणि नव्या संहितेतही ते आहे. तरीही परंपरेने शिळा केली ती अहल्येची, आणि उद्धारासाठी तिला वाट पाहावी लागली ती दुसऱ्या पुरुषाच्या पावलाची. वर्गात ही कथा सांगताना इंद्राचे नाव वाक्याच्या आरंभी घ्यावे. कोणी केले, हे सांगणारे पूर्ण वाक्य बोलण्यास मराठी समर्थ आहे. ते वाक्य वर्गात नेहमी ऐकू येत असेल, तर ज्याला वा जिला काही सांगायचे आहे, त्या व्यक्तीला आपल्या सांगण्याची सुरुवात कोठून करावी, हे तेथेच उमगेल.